बोलेस्वाव्येत्सची भांडी एकत्र मांडायची, तर आधी काठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त व्रोत्स्वाफला आल्यापासून तुम्ही बोलेस्वाव्येत्स या पोलंडमधल्या कुंभारकामाच्या गावची निळी-पांढरी भांडी एकेक करून घेत गेलात. आता सहा जणांची पंगत बसेल एवढी जमली आहेत, पण सगळी एकदम टेबलावर आली की नुसती गर्दी वाटते. ती विकून एकाच नक्षीचा सेट घ्यावा का? दुसऱ्या प्रतीचा माल घ्यावा का? आपल्या स्वयंपाकाला ही भांडी कितपत चालतात? आणि सुट्टीत कोल्हापूरला जाताना सासूबाईंसाठी काय न्यावं?

विकू तर मुळीच नका. मी ड्रेस्डेनला राहते. तिथून ए-४ महामार्गाने बोलेस्वाव्येत्स दीड-दोन तासांवर आहे. बरीच वर्षं मी ही भांडी जमवते, रोज वापरते आणि ओळखीपाळखीच्या लोकांना निवडून देते. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत नक्षी वेगवेगळ्या आहेत हा दोषच नाही. अडचण काठांची आहे. सहा ताटांचे काठ बहुतेक वेगवेगळे आहेत, आणि त्यातले चार गडद आहेत.

दुकानात ताट उभं मांडलेलं असतं, त्यामुळे आपली नजर मधल्या फुलावर जाते आणि आपण त्या फुलासाठी ताट घेतो. घरी त्याच ताटावर भात, वरण, भाजी, कोशिंबीर आली की ते फूल झाकलं जातं. जेवण संपेपर्यंत दिसतो तो बोटभर रुंदीचा काठ. त्यात ताटावर लहान ताटली, ताटलीवर वाटी अशी मांडणी केली की एकात एक तीन काठ दिसतात, बाकी काही नाही. म्हणून मांडणी जुळवायची म्हणजे काठ जुळवायचे. साडी घेताना आपण बुट्टे नंतर बघतो, आधी काठ-पदर बघतो. तशीच नजर इथे लागते.

आता हे करून बघा. सगळी ताटं, ताटल्या, वाट्या जमिनीवर चादर घालून त्यावर पसरा. दिवसा, खिडकीजवळ. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो. मधल्या नक्षीकडे लक्ष न देता फक्त काठांवरून ढीग करा. बहुतेक भांडी चार प्रकारांत बसतील. काहींना सलग गडद निळा पट्टा असतो. काहींच्या काठावर ठिपक्यांची किंवा मोराच्या डोळ्यांची रांग असते आणि मध्ये मध्ये पांढरं दिसतं. काहींच्या काठावर पानांची वेल फिरते. आणि काहींना काठच नसतो, आतली नक्षी पसरत थेट कडेपर्यंत येते.

पहिल्या तीन प्रकारांची आपापसात छान मैत्री होते, पण एका अटीवर: एकावर एक ठेवताना गडद आणि मोकळा काठ आलटून पालटून यायला हवा. खाली सलग निळा पट्टा, त्यावर ठिपक्यांचा मोकळा काठ, वर पुन्हा गडद वाटी. दोन गडद काठ लागोपाठ आले की निळ्याचा एक जाड गोळा दिसतो. दोन मोकळे काठ लागोपाठ आले तर मांडणी विरविरीत वाटते, पण खटकत नाही. चौथ्या प्रकाराची, म्हणजे बिनकाठाची भांडी मात्र मांडणीत घेऊच नका. ती सुंदर असतात आणि स्वतःच्या बळावर उभी राहतात: फळांचा वाडगा, मधोमध ठेवायचं मोठं ताट, भिंतीवरच्या फळीवर. तुमच्याकडची दोन भरगच्च फुलांची ताटं याच प्रकारात मोडतात. ती जेवणाच्या रांगेतून उचलून सर्व्हिंगला ठेवलीत, तर निम्मी गर्दी तिथेच ओसरेल.

काठानंतर बघायची ती जमीन, म्हणजे नक्षीच्या मागे दिसणारा पांढरट रंग. नवीन जमवणारे निळ्या रंगाची छटा जुळवायला धडपडतात. त्याची एवढी गरज नाही. कोबाल्टचा निळा भट्टीत कुठे जांभळट होतो, कुठे शाईसारखा, कुठे थोडा राखाडी, आणि या सगळ्या छटा शेजारी शेजारी नांदतात. खटकते ती जमीन. एका कारखान्याची जमीन किंचित निळसर पांढरी असते, दुसऱ्याची साईसारखी पिवळसर. ही दोन ताटं शेजारी आली की पिवळसर ताट मळकं वाटतं, मग त्यावरची नक्षी कितीही सुरेख असो. एकाच मांडणीत एकाच सुराची जमीन ठेवा. दुसऱ्या सुराची भांडी नाश्त्याला किंवा चहाला वापरा.

हे असं का होतं ते कळायला भांडं कसं बनतं ते माहीत हवं. बोलेस्वाव्येत्स पोलंडच्या नैर्ऋत्येला, लोअर सिलेशियात, बुब्र नदीकाठी आहे. या नदीच्या आणि शेजारच्या क्वीसा नदीच्या टापूत जी चिकणमाती सापडते ती फार मोठी उष्णता सोसते. भांडं साच्यावर फिरवून किंवा पातळ केलेली माती साच्यात ओतून घडवतात, कान आणि मुठी हाताने चिकटवतात, वाळवतात आणि साधारण ८०० ते ९०० अंशांवर एकदा भाजतात. या सच्छिद्र भाजलेल्या भांड्यावर स्पंजच्या ठशांनी आणि कुंचल्याने नक्षी काढतात. मग ते पारदर्शक झिलईत बुडवून पुन्हा भट्टीत जातं, या वेळी सुमारे १२५० अंशांवर. एवढ्या तापमानात माती घट्ट मिटते, पाणी शोषणं जवळजवळ थांबतं, आणि झिलई मातीशी एकजीव होते. नक्षी झिलईच्या खाली असल्यामुळे ती घासून जात नाही. निळा इतका का दिसतो याचंही उत्तर इथेच आहे: एवढी आच सोसून टिकणारे रंग थोडे, आणि त्यांत कोबाल्ट सर्वांत भरवशाचा. जमिनीचा रंग मात्र मातीचं मिश्रण, झिलई आणि भट्टीतली हवा या तिघांवर ठरतो, म्हणून तो कारखान्यागणिक बदलतो. आपल्याकडची लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी याच स्टोनवेअरच्या जातीची. तिची मजबुती ज्याने पाहिली आहे त्याला ही ताटं रोज वापरायला भीती वाटू नये.

स्पंजचा ठसा हा या कलेचा प्राण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार इथे रुळला. त्याआधीची भांडी तपकिरी झिलईची असत. गाव तेव्हा जर्मनीत होतं आणि त्याचं नाव होतं बुन्त्सलाऊ. इथल्या कुंभारांचा संघ १५११ सालचा. १७५३ मध्ये योहान गॉटलीब योप्पे नावाच्या कुंभाराने दोन मीटरहून उंच रांजण घडवला, तो गावाचा मानबिंदू झाला आणि १९४५ च्या युद्धात नष्ट झाला. एकोणिसाव्या शतकात योहान गॉटलीब आल्टमान यांनी शिसं नसलेली, फेल्डस्पार या खनिजाची पांढरी झिलई आणली. शिशाच्या झिलईतून विष उतरण्याची भीती असलेल्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. १८९७ मध्ये विल्हेल्म पुकाल यांच्या नेतृत्वाखाली सिरॅमिकची शाळा सुरू झाली आणि गावातल्या कारागिरीला रसायनशास्त्राची जोड मिळाली.

युद्धानंतर सीमा सरकल्या, जर्मन रहिवासी गेले, गाव पोलंडचं झालं. नवे लोक आले ते सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्व पोलंडमधून आणि युगोस्लाव्हियातूनही. कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकून कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवेल. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, आणि तेही बहुतांशी त्याच पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हाकललेले होते. सासूबाईंना भांडी देताना हे जरूर सांगा. कोल्हापुरात ती आठवण अजून जपली जाते.

१९४६ च्या सुमारास क्राकूफहून आलेले प्राध्यापक तादेउश शाफ्रान यांनी मोडकळीला आलेले कारखाने पुन्हा उभे करायला मदत केली. १९५० मध्ये ‘सेरामिका आर्तिस्तिच्ना’ ही सहकारी संस्था सुरू झाली. दुसरीकडे ‘झाक्वादी सेरामिच्ने बोलेस्वाव्येत्स’ हा मोठा कारखाना होता. तिथे १९६४ पासून ब्रोनिस्वाव्ह व्होलानिन यांनी रचनाकार म्हणून काम केलं आणि जुनी ठशांची नक्षी नव्या आकारांवर नव्या नजरेने बसवली. आज जे ‘पारंपरिक’ म्हणून विकलं जातं त्यातलं पुष्कळसं या दोन घरांनी घडवलेलं आहे. १९८९ नंतर खाजगी कारखाने निघाले: मानुफाक्तुरा, विझा, कालिख, मिलेना, गालिया, व्हेना. त्याच दशकात जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांची कुटुंबं सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन इथे येऊ लागली आणि डिक्या भरून भांडी नेऊ लागली. अमेरिकेत ही भांडी घरोघर पोचली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. फुलपाखरांच्या, नाताळच्या, लाल-पिवळ्या रंगांच्या नक्षींना मागणी वाढली तीही याच गिऱ्हाइकामुळे.

हा इतिहास मांडणीच्या कामाचा आहे, म्हणून सांगितला. मोराचा डोळा, ठिपके, खवले, तिपानी या जुन्या नक्षी छोट्या ठशाच्या पुनरावृत्तीतून बनतात. त्यांचा आकार बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसतो आणि लय सारखी असते. म्हणून कुठलीही जुनी नक्षी कुठल्याही जुन्या नक्षीशेजारी ठेवा, ती बसते. ‘उनिकात’ म्हणून ओळखली जाणारी भांडी वेगळी. त्यांची नक्षी एखाद्या कलाकाराने स्वतंत्र रचलेली असते, ठशांबरोबर कुंचल्याचं काम जास्त असतं, रंग पाच-सहा असतात, तळाशी रंगवणाऱ्याची सही असते आणि किंमतही चढी असते. मला ती मनापासून आवडतात, पण एका माणसापुढच्या मांडणीत उनिकात एकच असावं, बाकी दोन्ही भांडी जुन्या ठशांची. दोन उनिकात एकमेकांवर ठेवली की दोघांचंही काम वाया जातं. जेवणाच्या दृष्टीने पाहिलं तर आपल्या ताटात आधीच पिवळं वरण, हिरवी पालेभाजी, तांबडा रस्सा असतो. निळ्या ठिपक्यांच्या आणि मोकळ्या जमिनीच्या ताटावर हे अन्न उठून दिसतं. लाल-पिवळ्या फुलांच्या ताटावर ते हरवतं.

निळ्याच्या जोडीला एकच दुसरा रंग ठरवा. हिरवा घ्या किंवा विटकरी घ्या, पण तो टेबलावर निदान तीन ठिकाणी दिसला पाहिजे. एकाच मगावर लाल खसखशीचं फूल आणि बाकी कुठेच लाल नाही, असं असलं की नजर पुन्हा पुन्हा त्या मगावरच जाते. तुमच्या फोटोंत हिरवा आधीच चार भांड्यांवर आहे, म्हणून तोच धरा. लाल फुलांचा मग ऑफिसला न्या.

मोठी ताटं सारखी आणि वाट्या वेगवेगळ्या, ही मांडणी सर्वांत सोपी आणि मराठी जेवणाला सर्वांत साजेशी. आपल्याकडे एका ताटाभोवती दोन-तीन वाट्या येतात आणि त्या उथळ नसतात, त्यांची नक्षी बाहेरून दिसते. त्यामुळे वैविध्याची हौस वाट्यांवर भागवता येते. तुमच्याकडे मात्र ताटंच वेगवेगळी आहेत. तिथे दोन-दोनच्या जोड्या लावा: समोरासमोर बसणाऱ्या दोघांना सारख्या काठाची ताटं. तीन जोड्या झाल्या की टेबलाला आपोआप शिस्त येते. भरगच्च फुलांची दोन ताटं सर्व्हिंगला गेली की चार उरतात, आणि त्यांत एकच जोडी आधीपासून आहे. बाकी दोन ताटांना जोडीदार शोधायचे आहेत, म्हणजे नवी खरेदी दोन ताटांचीच.

ती खरेदी करताना ताट उलटं करा. तळाशी कारखान्याचा शिक्का असतो. प्रत्येक कारखाना आकाराला एक क्रमांक देतो आणि नक्षीला दुसरा. दोन्ही वहीत लिहून ठेवा, किंवा तळाचा फोटो काढा. पुढे तेच ताट हवं असेल तेव्हा ‘निळ्या ठिपक्यांचं, हिरव्या पानांचं’ असं सांगून कोणालाही ते शोधता येणार नाही, पण क्रमांक सांगितला की मिनिटात सापडतं. एकावर एक रचायची भांडी शक्यतो एकाच कारखान्याची घ्या. नक्षीसाठी हे सांगत नाही. दोन कारखान्यांच्या ताटांचा व्यास, काठाचा उतार आणि तळाच्या कड्याची उंची वेगळी असते. वरचं ताट डगमगतं, कपाटात चवड तिरकी होते आणि एक दिवस कडेचा टवका उडतो. किटली, सुरई, साखरदाणी, बेकिंगची भांडी एकटी उभी राहतात, ती कुठल्याही कारखान्याची चालतात.

अस्सल-नकली ओळखायला शिक्क्यापेक्षा नक्षी जास्त खरं सांगते. छापील कागद चिकटवून केलेल्या नकलेत प्रत्येक फूल दुसऱ्यासारखं हुबेहूब असतं. हाताच्या ठशात एक फूल ओलं आणि गडद, पुढचं थोडं फिकं, एखादं किंचित तिरपं असतं. काठावरची ठशांची रांग जिथे येऊन मिळते तो जोड शोधा. तिथे रंगवणारीने दोन ठिपके जवळ घेतलेले असतात किंवा एक अंतर वाढवलेलं असतं. कानाखालच्या अवघड जागीही नक्षी किती निगुतीने नेली आहे ते बघा. तळाचं कडं झिलईविना असतं, कारण झिलई लागली तर भांडं भट्टीच्या फळीला चिकटेल. ते कडं बोटाने चाचपा. खरखरीत असेल तर टेबलावर आणि खालच्या ताटावर ओरखडे काढेल.

दुसऱ्या प्रतीबद्दल: घ्या, आणि बिनधास्त घ्या, पण हातात घेऊन बघून. भट्टीतून निघालेला माल तपासून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रतीत वेगळा करतात. गावातल्या कारखान्यांच्या दुकानांत खालच्या प्रतीचे रॅक असतात आणि किंमत चांगलीच उतरलेली असते. झिलईत टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, मातीतल्या लोखंडाचा तपकिरी कण, एखाद्या ठशाचा निळा जरा पसरलेला, हे दोष खुशाल चालवून घ्या. अन्न जिथे टेकतं तिथे झिलई सुटलेली असेल, कडेला केसाएवढी चीर असेल, किंवा सपाट जागी ठेवल्यावर भांडं डुगडुगत असेल, तर नाही. भांडं तळहातावर तोलून धरा आणि नखाने टिचकी मारा. स्वच्छ टणक आवाज आला तर भांडं अखंड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, दिसत नसली तरी. रोजच्या वाट्या आणि ताटल्या मी दुसऱ्या प्रतीच्याच घेते. किटली आणि बेकिंगची भांडी मात्र पहिल्या प्रतीची, कारण उष्णतेचा ताण त्यांना सोसायचा असतो.

जुन्या बाजारात बुन्त्सलाऊच्या काळातल्या तपकिरी सुरया आणि ठशांचे जुने मग दिसतील. जमवायला ते सुरेख आहेत. त्यांत अन्न मात्र ठेवू नका. कुठल्या वर्कशॉपमधून, कोणत्या झिलईने ते भाजले गेले ते वरून सांगता येत नाही. जुन्या झिलईवर बारीक जाळीसारख्या चिरा असतील तर त्यात तेल आणि ओल मुरत राहते.

आता आपल्या स्वयंपाकाचं. हळदीची भीती नको. झिलई अखंड असेल तर डाग बसत नाही. वाटीत रात्रभर रस्सा राहिला तरी सकाळी धुतला की जातो. आंबट चालतं: कढी, टोमॅटोचं सार, लिंबाचं ताजं लोणचं. दही लावायला झाकणाचा वाडगा उत्तम, कारण जाड भिंत ऊब धरून ठेवते आणि थंडीच्या देशात विरजण नीट लागतं. ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, तिन्ही चालतं. गॅसच्या किंवा विजेच्या शेगडीवर थेट ठेवायचं नाही, कधीच नाही. फ्रिजमधून काढलेलं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये घालायचं नाही. गार ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन लावायचा. तापलेलं भांडं ओल्या ओट्यावर टेकवायचं नाही. आपल्याकडे आणखी एक धोका असतो जो पोलिश घरात नसतो: कडकडीत तेलाची फोडणी. ती वाटीतल्या आमटीवर ओतली तर काही होत नाही, पण कोरड्या गार वाटीत उकळतं तेल ओतलं तर भांडं एका जागी एकदम तापतं आणि तडकू शकतं. फोडणी अन्नावर पडू द्या, भांड्याच्या भिंतीवर नको.

स्टीलची पळी आणि चमचे घासले की पांढऱ्या जमिनीवर राखाडी रेघा येतात. लोक त्यांना ओरखडे समजून हळहळतात. बहुतेक वेळा ती धातूची झीज असते, झिलईवर बसलेली. खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट करून मऊ फडक्याने चोळा, निघून जाते. तारेची घासणी वापरू नका. वाढायला लाकडी डाव वापरला तर हा प्रश्नच येत नाही. ताटांच्या मध्ये पातळ कापड किंवा फेल्टचा तुकडा ठेवा.

टेबलावर छापील चादर नको. साधं जाडंभरडं लिनन किंवा सुती कापड, पांढरं, करडं किंवा मोहरीच्या रंगाचं. पाण्याला पितळी किंवा तांब्याचा तांब्या ठेवा. कोबाल्टशेजारी पिवळा धातू फार खुलतो, आणि एवढ्या नक्षीत डोळ्याला टेकायला एक कोरी जागा मिळते.

अजून गावात गेला नसाल तर ऑगस्टमध्ये सिरॅमिकच्या उत्सवाला जा. गर्दी असते, पण सगळ्या कारखान्यांचे स्टॉल एकाच चौकाभोवती लागतात, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं आहे: वेगवेगळ्या कारखान्यांची जमीन एकाच उजेडात शेजारी शेजारी बघणं. घरचं एक ताट पिशवीत घेऊन जा आणि त्याच्याशेजारी धरूनच नवीन घ्या. आठवणीवर विसंबून पांढरा रंग जुळत नाही. अंगाला माती फासून निघणारी ‘ग्लिन्यादा’ची मिरवणूकही याच उत्सवातली. मुलं असतील तर त्यांना ती नक्की दाखवा. एरवीच्या दिवशी जायचं तर सिरॅमिकचं संग्रहालय आधी बघा आणि दुकानं नंतर. जुन्या नक्षीचे ठसे एकदा नजरेत बसले की दुकानातली निवड झपाट्याने होते.

सासूबाईंसाठी ताटांचा सेट नेऊ नका. एका मोठ्या ताटाचं वजन पाऊण किलोच्या घरात जातं आणि सहा ताटांचं ओझं साडेचार किलोंच्या आसपास होतं. शिवाय कोल्हापुरात रोजचं जेवण स्टीलच्या ताटात होत असेल, तर ती ताटं कपाटातच राहतील. त्यांना झाकणाचा दह्याचा वाडगा न्या, आणि त्याच नक्षीच्या दोन-तीन छोट्या वाट्या. चटणी, लोणचं, मीठ वाढायला त्या रोज हाताशी येतील. मोराच्या डोळ्याची नक्षी घ्या, म्हणजे पुढे कधी भर घालायची झाली तर जुळणारं भांडं सहज मिळेल. झाकण आणि वाडगा वेगवेगळे गुंडाळा, वाट्या एकात एक घालताना मध्ये जाड कापड ठेवा, आणि सगळं केबिनच्या बॅगेत स्वतःजवळ ठेवा. ताट न्यावंच लागलं तर आडवं नको, उभं रचा. उभं ताट धक्का कडेवर घेतं आणि टिकतं, आडव्या ताटावर वरचं सगळं ओझं मधोमध येतं.

जोड्या लावून झाल्या की मांडणीचा एक फोटो वरून आणि एक बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून काढून पाठवा. काठ कुठे अडखळतात ते दुसऱ्या फोटोत कळेल, आणि राहिलेल्या दोन ताटांचे जोडीदार कोणत्या कारखान्याकडे शोधायचे ते मी तळाचे शिक्के बघून सांगते.